तोही त्याच शतकातला

जिनिव्हाच्या शाँपेल भागात, मोठ्या सरकारी इस्पितळापासून जवळच, झाडीच्या आडोशाला एक उभा दगड आहे. खडबडीत, फारसा न घडवलेला. मुद्दाम शोधत गेल्याशिवाय दिसायचा नाही. भाचा तिथे नोकरीला आहे म्हणून माझं जाणं झालं, आणि तळं, कारंजं, डोंगर सगळं सोडून मावशीला हा दगडच का बघायचाय याचं त्याला नवल वाटत होतं. तरी आला बरोबर. एका बाजूची फ्रेंच अक्षरं त्याने बोट फिरवत वाचून दाखवली : २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मायकेल सर्व्हेटस इथे शाँपेलला चितेवर मरण पावला. मग दगडाला वळसा घालून दुसरी बाजू वाचली. ती थोडी लांबलचक होती. तिचा मतलब असा की, आमचे थोर सुधारक कॅल्व्हिन यांचे आम्ही आदरशील आणि कृतज्ञ पुत्र आहोत, पण जी चूक त्यांच्या शतकाची होती तिचा आम्ही निषेध करतो, आणि विवेकाच्या स्वातंत्र्यावर आमची दृढ निष्ठा असल्यामुळे हे प्रायश्चित्ताचं स्मारक उभारतो. खाली तारीख, २७ ऑक्टोबर १९०३. (कॅल्व्हिन म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेल्या प्रोटेस्टंट सुधारकांतला एक प्रमुख पुरुष, जिनिव्हाच्या चर्चचा धुरीण.) वाचून झाल्यावर भाचा म्हणाला, "बरोबरच आहे ना मावशी, तेव्हाचा काळच तसा होता." त्याला मुलीला शाळेतून आणायचं होतं, आम्ही ट्रामकडे निघालो. मी काही बोलले नाही. पण ते वाक्य माझ्या मनात सलत राहिलं, अजून सलतं.

आधी हे सांगायला हवं की त्या दगडापुढे उभं राहिल्यावर मला तो उभारणाऱ्यांविषयी आदरच वाटला. आपल्या गुरूने, आपल्या पंथाच्या मूळ पुरुषाने एका माणसाला जाळायला हातभार लावला होता, हे साडेतीनशे वर्षांनी का होईना, त्याच्याच अनुयायांनी त्याच्याच गावात दगडावर कोरून ठेवलं. असं करायला छाती लागते. किती पंथांनी, किती पक्षांनी, किती घराण्यांनी असं केलंय? म्हणून त्या माणसांना हलकं लेखायची माझी इच्छा नाही. माझं दुखणं फक्त त्या चार शब्दांपुरतं आहे. चूक शतकाची होती.

सर्व्हेटस स्पेनमधल्या आरागॉनचा. वैद्य, भूगोलाचा अभ्यासक, आणि भलता हट्टी. विशीच्या आसपासच त्याने ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांताविरुद्ध पुस्तक लिहून दोन्ही बाजूंना, म्हणजे कॅथलिकांना आणि सुधारकांना, सारखंच दुखावलं. पुढे नाव बदलून तो फ्रान्समध्ये लिऑंजवळच्या व्हिएन गावी वैद्यकी करत राहिला. १५५३ च्या सुरुवातीला त्याने आपला मोठा ग्रंथ गुपचूप छापून घेतला. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं, हे युरोपात पहिल्यांदा छापलं गेलं ते या धर्मविषयक ग्रंथात. त्या आवृत्तीच्या फक्त तीन प्रती आज उरल्या आहेत, बाकी जाळल्या गेल्या. व्हिएनला त्याला पकडलं, आणि पकडून देणारा पुरावा जिनिव्हाहून गेला होता, त्याने कॅल्व्हिनला लिहिलेली खासगी पत्रंच. तो कैदेतून निसटला. कॅथलिकांनी त्याचा पुतळा आणि पुस्तकं जाळून समाधान मानलं. आणि हा माणूस, कोणत्या बुद्धीने कोण जाणे, जिनिव्हात आला. १३ ऑगस्टला, रविवारी, चर्चमध्ये लोकांनी त्याला ओळखलं.

कॅल्व्हिनने सात वर्षं आधीच फारेल या आपल्या सहकारी सुधारकाला पत्रात कळवलं होतं की हा इथे आला आणि माझ्या शब्दाला काही किंमत असली, तर मी त्याला जिवंत परत जाऊ देणार नाही. खटला चालला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच, बर्न, बासेल, शाफहाउझन इथल्या चर्चांचं मत मागवलं, सगळ्यांनी सर्व्हेटसला दोषी म्हटलं. शिक्षा नगरसभेने दिली, ही गोष्ट खरी. जाळण्याऐवजी शिरच्छेद करा असं कॅल्व्हिनने सुचवून पाहिलं, तेही खरं. नगरसभेने ते ऐकलं नाही. म्हणजे भाच्याच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. कॅथलिक त्याला जाळायला टपलेले, चार शहरांची चर्चं दोषी म्हणणारी, आणि जर्मन सुधारक लूथरचा सहकारी मेलांक्थन, जो एरवी इतका मवाळ, त्यानेसुद्धा नंतर कॅल्व्हिनला पत्र लिहून जिनिव्हाने योग्यच केलं असं कळवलं. सगळेच एका सुरात असताना एकट्याला काय दोष द्यायचा?

आणि कॅल्व्हिनला राक्षस ठरवून मोकळं होणं मला जमत नाही. तो स्वतः निर्वासित होता, फ्रान्समधून जीव वाचवून पळालेला. त्याच्या जिनिव्हाने हजारो पळून आलेल्यांना आसरा दिला. १५५९ साली त्याने उभी केलेली अकादमी म्हणजे आजच्या तिथल्या विद्यापीठाचं मूळ. एकुलता एक मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला, १५४९ मध्ये बायको गेली. अर्धशिशी, संधिवात, मुतखडा, ताप असं सगळं घेऊन हा माणूस अंथरुणात पडल्या पडल्या मजकूर सांगत राहायचा. मरताना त्याने बजावून ठेवलं की माझ्या थडग्यावर काही खूण नको. आपल्या नावाचा हव्यास नसलेला, स्वतःच्या देहाला काडीची सवलत न देणारा माणूस. अशा माणसाची भीती वाटते ती त्यामुळेच. ज्याला स्वतःसाठी काही नको असतं, त्याला दुसऱ्याकडून काहीही मागताना संकोच वाटत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले, त्याच्याकडे येते.

सेबास्टियन कॅस्टेलिओ १५१५ साली फ्रान्सच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात, सँ-मार्तें-द्यु-फ्रेन नावाच्या गावी जन्मला. शेतकऱ्याच्या घरचा. लिऑंला शिकला, लॅटिन-ग्रीक-हिब्रूत तयार झाला, आणि तिथेच त्याने धर्मापायी माणसं जाळली जाताना पाहिली. तेव्हा जळणारे सुधारणावादी होते आणि जाळणारे कॅथलिक. त्या धगीने तो सुधारणेच्या बाजूला आला, स्ट्रासबुर्गला पोचला आणि काही दिवस चक्क कॅल्व्हिनच्या घरी राहिला. कॅल्व्हिन जिनिव्हाला परतला तेव्हा याला तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक नेमण्यात आलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा. मुलांना लॅटिन रुक्ष वाटू नये म्हणून त्याने बायबलमधल्या गोष्टींचे छोटे छोटे संवाद लिहिले. हे पाठ्यपुस्तक पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपभर छापलं जात राहिलं. म्हणजे ज्याला जिनिव्हाने नको म्हटलं, त्याच्या हातचं लॅटिन युरोपातल्या कितीतरी पिढ्या गिरवत होत्या.

जिनिव्हात प्लेग आला. गावाबाहेरच्या प्लेगच्या इस्पितळात मरणाऱ्यांजवळ कुणी तरी धर्मोपदेशक जायला हवा होता. एक जण गेला, ब्लांशे नावाचा, आणि मेला. बाकीच्यांनी नगरसभेपुढे कबूल केलं की हे आमचं कर्तव्य आहे खरं, पण देवाने आम्हाला तेवढं धैर्य दिलेलं नाही. कॅल्व्हिनला नगरसभेनेच सूट दिली, त्याच्यावाचून चर्च चालणार नाही म्हणून. कॅस्टेलिओ धर्मोपदेशक नव्हता, शाळामास्तर होता. त्याने जायची तयारी दाखवली. पुढे हाच माणूस उपदेशकाची जागा मागायला गेला तेव्हा ती नाकारली गेली, कारण बायबलमधलं गीतरत्न हे त्याला निव्वळ प्रेमगीत वाटत होतं आणि आणखी एका मुद्द्यावर त्याचं कॅल्व्हिनशी जुळत नव्हतं. मग एका सभेत त्याचा बांध फुटला. ख्रिस्ताचा प्रेषित पौल असा होता आणि आपण असे आहोत, पौल लोकांसाठी कैदेत गेला आणि आपण लोकांना कैदेत घालतो, अशा धर्तीवर तो सगळ्यांदेखत बोलून गेला. त्यानंतर जिनिव्हात राहण्यात अर्थ नव्हता. निघताना कॅल्व्हिन आणि इतरांनी त्याला पत्र दिलं, की याच्या वागणुकीत कसलाही डाग नाही, हा मतभेदामुळे जातोय. या पत्राबद्दल मला कॅल्व्हिन आवडतो. तेव्हा तो एवढा न्यायी राहू शकत होता.

बासेलला कॅस्टेलिओच्या हाताला धड काम नव्हतं. ओपोरिनस नावाच्या छापखानेवाल्याकडे तो मुद्रितं तपासायचा. धाडसी माणूस हा ओपोरिनस, व्हेसालियसचा शरीररचनेचा ग्रंथ यानेच छापला, लॅटिनमधलं कुराण छापलं म्हणून तुरुंगातही जाऊन आला. पण मुद्रितं तपासून एवढं कुटुंब कसं चालणार? दिवसा छापखाना, शिकवण्या, रात्री बायबलचं भाषांतर, आधी लॅटिनमध्ये, मग शेतकऱ्याकामकऱ्याला कळेल अशा फ्रेंचमध्ये. पहिली बायको १५४९ मध्ये गेली, लहान मुलं मागे ठेवून. दुसरं लग्न झालं, आणखी मुलं झाली. थंडीत घर गरम ठेवायला लाकूड विकत घेणं परवडत नसे. घर ऱ्हाईनच्या काठी होतं. नदीला पूर आला की वरून लाकडं वाहत यायची, तेव्हा हा विद्वान हातात आकडी घेऊन काठावर उभा राहायचा आणि ओंडके ओढून घ्यायचा.

हे वाचलं तेव्हा मी थबकलेच. मी वाशिष्ठीच्या काठची. आषाढात नदीला हौर आला की आमच्याकडचे पुरुष लांब बांबूला लोखंडी आकडी बांधून काठावर उतरायचे. लाल, गढूळ, फेसाळलेलं पाणी, त्याला चिखलाचा आणि कुजक्या पाल्याचा एक वास, आणि त्यातून गरगरत येणारी झाडं, मुळांसकट. कंबरेला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक माडाला. आकडी लाकडात रुतली की चौघांनी मिळून ओढायचं, नाहीतर लाकूडच माणसाला ओढून न्यायचं. ओढलेलं लाकूड पडवीत उभं करून वाळवायचं. ते कितीही वाळलं तरी चुलीत धूर फार करायचं, आजीचे डोळे चुरचुरायचे. ते कुणाच्या मालकीचं असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. ज्याने धरलं त्याचं. नदीकाठच्या गरिबांचा हा कायदा जगात सगळीकडे एकच असावा, कारण बासेललाही तो तसाच होता. पुरातलं लाकूड धरायला सगळा गाव उतरायचा, नगरसभेचीही त्याला ना नव्हती.

कॅल्व्हिनने पुढे एका पुस्तिकेत या लाकडावरून कॅस्टेलिओवर चोरीचा आळ घेतला. आकडी हातात घेऊन तू दुसऱ्याची लाकडं पळवत होतास, असं छापून. कॅस्टेलिओने उत्तर दिलं ते वाचताना अजून गलबलतं. त्याने सांगितलं की मी तेव्हा बायबलच्या भाषांतरात पूर्ण बुडालो होतो, ते सोडण्यापेक्षा भीक मागितली असती, फावल्या वेळात सगळ्यांचं असलेलं लाकूड नदीतून काढून घरातली थंडी घालवली, आणि हे चोरून नाही, सगळ्या गावादेखत केलं. तुला हे कुणी चोरी म्हणून सांगितलं असलं तर सांगणारा तुझ्या विश्वासाला पात्र नाही. गरिबी चव्हाट्यावर मांडावी लागलेल्या माणसाचं ते उत्तर आहे. त्यात कॅल्व्हिनविषयी शिवी नाही. दोघेही एकाच घरात, एकाच टेबलाशी जेवलेले होते. कॅल्व्हिनला लिऑंची ती चिताही माहीत होती, आणि हा पोरगा काय बघून त्याच्या दारात आला होता तेही.

सर्व्हेटसला जाळलं ते ऑक्टोबरच्या अखेरीला. पुढच्या फेब्रुवारीत कॅल्व्हिनने त्या शिक्षेचं समर्थन करणारा ग्रंथ काढला. आणि मार्च १५५४ मध्ये, म्हणजे चिता विझून पाच महिने होतात न होतात तोच, पाखंड्यांना शिक्षा करावी का, असा सवाल करणारं लॅटिन पुस्तक बाजारात आलं. लेखकाच्या जागी मार्टिन बेलियस असं नाव, छापल्याचं ठिकाण माग्देबुर्ग. दोन्ही खोटं. ते छापलं होतं बासेलला, ओपोरिनसच्या छापखान्यात, आणि बेलियस म्हणजे कॅस्टेलिओ. पुस्तकाची बांधणी मोठी हुशारीची आहे. त्यात त्याने स्वतःचं कमी आणि इतरांचं जास्त घातलंय. धर्माच्या बाबतीत बळजबरी नको असं म्हणणारे जुने आचार्य घेतले, मानवतावादी पंडित इरॅस्मस घेतला, लूथरचा १५२३ मधला लेख घेतला, आणि कॅल्व्हिनही घेतला, तो स्वतः पळत होता, छळला जात होता, तेव्हाच्या लिखाणातला कॅल्व्हिन.

प्रस्तावना व्युर्टेंबर्गच्या ड्यूकला उद्देशून आहे. तीत तो विचारतो : समजा, महाराज, आपण प्रजेला निरोप धाडला की मी कधीतरी येईन, येईन तेव्हा सगळ्यांनी पांढरी वस्त्रं घालून तयार असा. आणि आपण येऊन पाहता तो पांढऱ्या वस्त्रांची कुणाला शुद्धच नाही, सगळे आपसात भांडतायत, एक म्हणतो राजा घोड्यावर येणार, दुसरा म्हणतो रथातून येणार, एक म्हणतो मोठ्या लवाजम्याने, दुसरा म्हणतो एकटाच. नुसते भांडत नाहीत, एकमेकांना तलवारीने मारतायत, पाण्यात बुडवतायत, आणि वर म्हणतायत की हे आम्ही राजाच्या हुकुमावरून, राजाच्या नावाने करतोय. तर आपण काय म्हणाल? हे वाचताना मला कीर्तनाच्या उत्तररंगातल्या आख्यानासारखं वाटलं. शास्त्रार्थ बाजूला ठेवून बुवा गोष्ट सांगायला लागतात आणि मंडपातली शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा मान वर करते, तसं.

कॅल्व्हिनच्या ग्रंथाला मुद्द्यागणिक उत्तर देणारं दुसरं पुस्तक त्याने त्याच वर्षी लिहून काढलं. त्यातलं एक वाक्य आज जगभर उद्धृत केलं जातं : "माणूस मारणं म्हणजे मताचं रक्षण करणं नव्हे, माणूस मारणं म्हणजे माणूस मारणं." पुढे तो म्हणतो, जिनिव्हावाल्यांनी सर्व्हेटसला मारलं तेव्हा त्यांनी कुठल्या मताचं रक्षण केलं नाही, त्यांनी एक माणूस मारला. मताचं रक्षण हे शिक्षकाचं काम, तलवारीचा तिथे काय संबंध? हे पुस्तक त्याला छापता आलं नाही.

चूक शतकाची होती, तर मग हा कुठल्या शतकातला?

माझं म्हणणं एवढंच आहे. काळ असा सलग कधीच नसतो. 'काळच तसा होता' असं आपण म्हणतो तेव्हा त्या काळातल्या सत्ता असलेल्या माणसांना, ज्यांचं ऐकलं जात होतं त्यांना, सगळा काळ बहाल करतो. आणि जे तेव्हाच, तिथेच, जिवावर उदार होऊन नाही म्हणत होते, त्यांना काळाबाहेर हाकलून देतो, किंवा 'काळाच्या पुढे' असं गौरवाने म्हणून तेच करतो. कॅस्टेलिओ काळाच्या पुढे नव्हता. तो कॅल्व्हिनहून सहा वर्षांनी लहान, त्याच्यासारखाच फ्रेंच, तेच ग्रंथ वाचलेला, तेच बायबल मानणारा. त्याला दिसलं ते कॅल्व्हिनला दिसायला कुठल्याही नव्या शोधाची, नव्या शतकाची गरज नव्हती. उलट कॅल्व्हिनचं स्वतःचं जुनं लिखाणच त्याने कॅल्व्हिनपुढे धरलं.

मला हे इतकं का झोंबतं, त्याचं कारण घरात आहे. माझ्या आजीची एक आत्या होती, लहानपणीच विधवा झालेली. केशवपन झालेली, लाल आलवणात गुंडाळलेली, माजघराच्या पलीकडे न दिसणारी. तिची गोष्ट निघाली की घरातली थोर मंडळी सुस्कारा टाकून म्हणत, तेव्हा तसंच होतं गं सगळीकडे. मीही लहानपणी मान डोलवायची. पण सगळीकडे तसं नव्हतं. पुण्यात फुले दांपत्याने १८६३ सालीच आपल्या घराचं दार अडल्यानडल्या विधवांसाठी उघडलं होतं. आगरकर 'सुधारका'तून याच विषयावर जीव तोडून लिहीत होते. आणि १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं होतं की यापुढे विधवांच्या केसांना आम्ही वस्तरा लावणार नाही. ज्यांचा तो रोजचा धंदा, त्यांनी. आत्याच्या डोक्यावर वस्तरा फिरला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं, आणि आमच्या घरात वर्तमानपत्र येत होतं. आजोबा-पणजोबांवर आता खटला भरायचा नाही मला. त्यांची माया मी खाल्ली आहे. पण आत्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारता आलं असतं, एवढं तरी खरं बोलायला हवं असं वाटतं.

कॅस्टेलिओलाही मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. खोट्या नावाआडून लिहिलं त्याने, आणि तेच शहाणपणाचं होतं. त्याच्या सहिष्णुतेलाही सीमा होती. देवच नाकारणाऱ्यांना शासनाने शिक्षा करायला त्याची हरकत नव्हती. आणि १५५९ साली बासेलमध्ये एक भयंकर प्रकार घडला. डाव्हिड जोरिस नावाचा डच पाखंडी नाव बदलून वर्षानुवर्षं तिथे प्रतिष्ठितासारखा राहिला होता आणि मेल्यावर सन्मानाने पुरला गेला होता. तो कोण हे कळल्यावर नगरसभेने त्याचं प्रेत उकरून काढून त्याच्या पुस्तकांसह जाळलं. कॅस्टेलिओची त्याच्याशी ओळख होती. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी जोरिसच्या मतांचा निषेध केला, त्यांत ग्रीकचा हा प्राध्यापकही होता. घरात मुलं होती, डोक्यावर जिनिव्हाहून येणारा पुस्तिकांचा मारा होता. त्या दिवशी त्याच्या मनात काय झालं असेल, त्याने घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. वाकला तो. पण वाकल्यावर गप्प बसला नाही, हेही तितकंच खरं.

१५६२ च्या मार्चमध्ये वासी गावात प्रार्थनेला जमलेल्या प्रोटेस्टंटांची कत्तल झाली आणि फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटलं. त्याच वर्षी त्याने आपल्या होरपळलेल्या देशाला उद्देशून फ्रेंचमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. तो वैद्यासारखा आधी रोग सांगतो. तुझ्या दुखण्याचं कारण एकच, लोकांच्या विवेकावर केलेली बळजबरी. मग कॅथलिकांकडे वळून विचारतो, तुमच्यावर कुणी अशी जबरदस्ती केलेली तुम्हाला चालेल का? मग प्रोटेस्टंटांकडे वळून, तुम्ही काल छळ सोसत होता, आज हातात तलवार आल्यावर तेच करताय, चालेल का? उपाय त्याने साधा सांगितला, दोन्ही धर्म राहू द्या, ज्याला जो मानायचा तो मानू दे. पुढच्या वर्षी लिऑंला भरलेल्या सुधारकांच्या धर्मसभेने हे पुस्तक धोकादायक ठरवलं. त्याच्या जन्मभूमीत युद्धं चालूच राहिली, दहा वर्षांनी प्रोटेस्टंटांच्या कत्तलीची सेंट बार्थोलोम्यूची रात्र आली, आणि दोन धर्म एका राज्यात नांदू शकतील असं राजाने कागदावर लिहून द्यायला १५९८ साल उजाडलं.

शेवटचे महिने वाईट गेले. नोव्हेंबर १५६३ मध्ये बासेलच्या नगरसभेकडे त्याच्याविरुद्ध पाखंडाची तक्रार गेली. आधार अर्थातच कॅल्व्हिनच्या आणि त्याचा जिनिव्हातला सहकारी बेझा याच्या पुस्तकांचा. त्याने लेखी उत्तर दिलं, आरोप करणाऱ्यांनी इथे यावं, सिद्ध करावं, सिद्ध झाले तर मी शिक्षा भोगायला तयार आहे. निकाल लागायच्या आत, २९ डिसेंबरला, तो गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. विद्यार्थ्यांनी खांद्यावरून नेऊन त्याला पोचवलं. पाच महिन्यांनी कॅल्व्हिनही गेला. पुढे फ्रेंच निबंधकार मोन्तेनने लिहून ठेवलंय की कॅस्टेलिओसारखा विद्वान पोटभर खायला न मिळून मेला ही आपल्या शतकाला लाज आहे, आणि कळलं असतं तर हजारो लोकांनी त्याला बोलावून घेतलं असतं. मला हे पटत नाही. कळलं नव्हतं असं नाही. त्याचं बायबल छापलेलं होतं, त्याचं पाठ्यपुस्तक शाळांमधून चालत होतं, त्याच्यावरच्या शिव्या जिनिव्हाहून छापून युरोपभर जात होत्या. माणूस कुठे राहतो आणि कसा जगतो ते पुष्कळांना ठाऊक होतं. बासेलच्या आमरबाख कुटुंबासारख्या थोड्यांनी मदतही केली. बाकीच्यांना त्याच्या जवळ दिसायची भीती वाटली.

माणूस मारणं म्हणजे माणूस मारणं, हे वाक्य ज्यात होतं ते हस्तलिखित मात्र हातोहात फिरत टिकून राहिलं. ते छापलं गेलं १६१२ मध्ये, हॉलंडमध्ये, लिहिल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी. तिथे तेव्हा कॅल्व्हिनचेच अनुयायी दोन तटांत भांडत होते. माणसाचा उद्धार देवाने आधीच ठरवून ठेवलाय की माणसाच्या होकाराला काही अर्थ आहे, या मुद्द्यावर. कॅस्टेलिओ हयातीत या मुद्द्यावरही कॅल्व्हिनशी भांडला होता, त्यामुळे मवाळ बाजूला तो आपला वाटला. मवाळ बाजूची पाठराखण करणारा बुजुर्ग मुत्सद्दी होता योहान फान ओल्डेनबार्नेव्हेल्ट, ज्याने डच प्रजासत्ताक उभं करण्यात आयुष्य घातलं होतं. त्या भांडणात राजकारण धर्माइतकंच होतं, किंबहुना जास्तच. हॉलंडमधल्या डॉर्ट गावी धर्मसभा भरली, मवाळांना दोषी ठरवलं, त्यांच्या उपदेशकांना हद्दपार केलं. १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये एकाहत्तर वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचं डोकं तलवारीने उडवलं गेलं. त्या देशात तोवर कॅस्टेलिओचं पुस्तक छापून सात वर्षं झाली होती, आणि दोन्ही तटांकडच्या पंडितांनी ते वाचलेलं होतं.